नवी गाडी देताना हँडल गिऱ्हाइकाच्या हाताला बसवून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आलाय. सोयाबीन निघालं, चार पैसे हातात आले की बीड असो की परभणी, हिंगोली असो की जालना, आपल्या मराठवाड्यात दुचाकीच्या शोरूमपुढं गर्दी होती. गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, फोटो काढायचा आणि गाडी थेट गावाकडं. ह्या सगळ्या गडबडीत एक दहा-पंधरा मिनिटाचं काम कुणीच करत नाही, ते म्हणजे ज्याची गाडी आहे त्याला गाडीवर बसवून हँडल आणि लिव्हर त्याच्या हाताच्या मापानं लावून देणं. त्यासाठीच हे पत्र लिहायलोय, जमलं तर दसऱ्याच्या आत छापा.

मी अंबाजोगाई भागात टू व्हीलरचं गॅरेज चालवतो. माझ्याकडं येणारी माणसं म्हणजे रोज अप-डाऊन करणारे झेडपीचे गुरुजी, दूधवाले, फायनान्सच्या वसुलीची पोरं, एमआर म्हणजे औषध कंपन्यांची पोरं, ग्रामसेवक, लातूरला क्लासला पोराला सोडून परत येणारे पालक. ही माणसं हौसेला गाडी चालवत नाहीत, ह्यांचा आर्धा दिवस गाडीवरच जातो. आणि ऑइल बदलून होईपर्यंत चहा पीत बसले की बोलता बोलता सांगतात, गाडीचं काय नाही हो, गाडी मस्त आहे, माझंच मनगट दुखायलंय, करंगळी बधिर पडायली, संध्याकाळी मान धरती, खांद्याच्या मधी कुणीतरी सुई टोचल्यासारखं होतंय. गाडीचा आणि ह्या दुखण्याचा काही संबंध आसंल असं त्यांच्या मनातच येत नाही. मग कोणी मऊ ग्रिप बसवतं, कोणी सीटवर फोम टाकतं, कोणी कमरेला बेल्ट लावतं, कोणी मेडिकलवरून गोळी घेऊन गिळतं आणि परत त्याच गाडीवर तसंच बसतं. बैलाच्या खांद्याला जू घासायला लागलं तर शेतकरी त्याच दिवशी थांबून बघतो, पण स्वतःच्या मनगटासाठी पाना घेऊन बघावं हे कुणी त्याला सांगितलेलंच नसतं.

गाडी कंपनीतून येती ती मधल्या मापाच्या माणसाला धरून. पाच फुटाचा माणूस आणि सहा फुटाचा माणूस शोरूममधून एकच मॉडेल घेऊन निघतात, दोघांचंही हँडल एकाच जागेवर. गाडीवर आपलं अंग तीन ठिकाणी टेकतं, सीट, फुटरेस्ट आणि हँडल. त्यातली सीट आणि फुटरेस्ट साध्या गाडीत हलत नाहीत, जिथली असतात तिथंच राहतात, त्यामुळं जे काही जुळवायचं ते हँडल आणि लिव्हरच्याच बाजूनं जुळवता येतं. हँडल लांब पडलं तर माणूस पुढं ओणवा होतो, वरच्या अंगाचा भार तळहातावर येतो, कोपर ताठ होतं, आणि ताठ कोपरातून खड्ड्याचा दणका सरळ खांद्यात आणि मानेत जातो. कोपर थोडं वाकलेलं असलं तर तोच दणका हातातच जिरतो.

आणि दणके आपल्याकडं कमी आहेत का? आपली जमीन काळी, पाणी प्याली की फुगती, उन्हाळ्यात तडकून आकसती. तिच्यावरचा रस्ता नवा केला तरी दोन-चार पावसाळ्यात लाटा आल्यासारखा होतो. सोलापूर-धुळे हायवेवर नाहीतर तुळजापूर-लातूर-नांदेड रस्त्यावर गाडी चांगली पळती ते खरंय, पण हायवे सोडून गावाच्या फाट्याला वळलं की हात भरून येतात. खड्ड्यांबद्दल आपल्या पेपरात नेहमी छापून येतं, ते आलंच पाहिजे. पण रस्ता कधी होईल ते आपल्या हातात नाही, हँडल मात्र आजच्या आज होतंय.

आता हे करायचं कसं ते जरा सविस्तर लिहितो, कारण गिऱ्हाइकाला माहीत असलं तरच तो मागणार.

सगळ्यात आधी लिव्हर बघायचं, हँडलला हात लावायच्याही आधी. गाडी मेन स्टँडवर घ्या, नेहमी बसता तसं बसा, फोटोला बसल्यासारखं ताठ नाही. खांदे ढिले सोडा, मुठीवर हात ठेवा आणि बोटं क्लचच्या आणि ब्रेकच्या लिव्हरवर सरळ पसरा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात एका रेषेत आला पाहिजे. बऱ्याच गाड्यांना लिव्हर आडवं, अगदी जमिनीशी समांतर लावलेलं असतं, मग बोटं वर उचलावी लागतात, मनगट मागं मोडतं, आणि बाजारातून गाडी काढताना दर दहा पावलाला क्लच दाबायचा तो त्या मोडलेल्या मनगटानंच. एमआर पोरं दिवसभर गावोगावी फिरतात, त्यांच्या मनगटाचं काय होत असंल ते तुम्हीच बघा.

लिव्हर खाली घ्यायला त्याला हँडलवर धरणाऱ्या क्लॅम्पचे, म्हणजे पकडीचे, बोल्ट थोडे ढिले करायचे, काढायचे नाहीत, लिव्हर जागेवर फिरवायचं आणि परत आवळायचं. आरसा बहुतेक गाड्यांत त्याच क्लॅम्पमध्ये असतो त्यामुळं तोही परत लावून घ्यायचा. पुढं डिस्क ब्रेक आसंल तर त्या बाजूला सांभाळून, कारण लिव्हरसोबत वरची ब्रेक ऑइलची डबी पण फिरती, ती फार कलंडली तर लाइनमध्ये हवा शिरायची भीती असती, म्हणून डबी जवळपास सपाटच ठेवायची आणि तेवढ्यात जितकं लिव्हर खाली येईल तेवढंच घ्यायचं. आणि एक, स्विचच्या बॉक्सला बऱ्याच गाड्यांत आतून बारीक खुंटी असती, ती हँडलच्या होलमध्ये बसती. बॉक्स फिरेना म्हणून ती खुंटी घासून काढणारे कारागीर आहेत. तसं करू देऊ नका, ती खुंटी गेली की एक्सलेटर पिळताना सगळा बॉक्सच फिरायला लागतो.

लिव्हरवरच बऱ्याच जणांचं काम होतं. नाही झालं तर मग हँडल.

आपल्या साध्या गाड्यांचं, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, बुलेट ह्यांचं हँडल म्हणजे एक पोकळ पाइप असतो, मुठीच्या जागी साधारण २२ मिलिमीटर जाडीचा, आणि तो मधोमध क्लॅम्पमध्ये बोल्टनं धरलेला असतो, बहुतेक चार बोल्ट. पल्सर २२०, आर१५ असल्या गाड्यांचं तसं नाही, त्यांना दोन बाजूला दोन वेगळे तुकडे शॉकअपच्या नळीला धरलेले असतात, क्लिप-ऑन म्हणतात त्याला, ते असं फिरवता येत नाहीत, तिथं लिव्हरवरच भागवायचं. स्कूटीचं हँडल पण नाही. पण खेड्यापाड्यात जास्त गाड्या पहिल्याच प्रकारच्या.

बोल्ट ढिले करायच्या आधी हँडल आत्ता कुठं आहे त्याची मार्करनं खूण करून ठेवायची. बऱ्याच हँडलवर कंपनीची बारीक पंचची खूण असती, ती क्लॅम्पच्या फटीशी जुळवलेली असती, तरी आपली वेगळी खूण असलेली बरी, नवीन जागा नाही जमली तर परत मूळ जागेवर येता येतं. टाकीवर जाड फडकं टाकायचं. मग चारी बोल्ट एवढेच ढिले करायचे की हँडल हातानं फिरेल पण आपोआप पडणार नाही. आपल्याकडं ओढलं की मुठी मागं आणि खाली येतात, पुढं ढकललं की लांब जातात. आता इथं लोक चुकतात, जवळ पाहिजे म्हणून एकदम ओढून घेतात. मुठीपाशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक अंगाला चांगलाच कळतो, त्याच्यापेक्षा एका वेळी जास्त करायचं नाही. जास्त ओढलं की मुठीची टोकं खाली झुकतात आणि मनगट आता बाहेरच्या बाजूला मोडायला लागतं, म्हणजे मान सुटली आणि मनगट अडकलं. बुटक्या माणसाला थोडं जवळ, उंच माणसाला थोडं लांब, आणि उंच माणसाचं बघताना हँडल पूर्ण वळवून गुडघ्याला लागतंय का तेही बघायचं. हँडल फिरवलं की लिव्हर पण त्याच्यासोबत फिरतात, म्हणून शेवटी लिव्हर परत एकदा लावायचे.

आवळताना सगळ्यात जास्त काळजी. चारी बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे, एकच पूर्ण कसून दुसऱ्याकडं जायचं नाही. काही गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळून मागं फट ठेवायची असती, काहींत दोन्हीकडं सारखी फट, ते त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तेच ऐकायचं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लागतो, तोही मॅन्युअलमधूनच बघून घ्यायचा. पाइप घालून पाना ओढणारांनी ध्यानात घ्यावं की हँडल धरणारा होल्डर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले की सगळा खर्च वाढतो. आणि ढिलं राहिलं तर त्याहून वाईट, जोरात पुढचा ब्रेक मारला की अंगाचा भार हँडलवर येतो आणि हँडल त्याच वेळी फिरलं तर माणूस सरळ खाली. म्हणून आवळून झालं की गाडी स्टँडवर ठेवून दोन्ही मुठींवर अंगाचा भार देऊन दाबून बघायचं. हललं नाही तरच पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे वायरी. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवायचं. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर एक्सलेटर वायर ताणली जायली, ती मोकळी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, नाहीतर यू टर्न मारताना गाडी स्वतःच पळंल. क्लच वायरला लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ बऱ्याच कम्युटर गाड्यांत लागतो, तेवढा आहे का बघायचं. डिस्कचा पाइप ताणत नाही ना, हेडलाइटच्या मागची वायरिंग चेमटत नाही ना, टाकी आणि मुठीच्या मधी अंगठा सापडत नाही ना, हॉर्न वाजतो ना, ब्रेक दाबला की मागची लाइट लागती ना. वाचायला लांब वाटतंय पण हाताला सवय झाली की दोन मिनिटं लागतात.

माझ्याकडं येणारे एक गुरुजी आहेत, उंचीनं कमी, शाळा घाटाच्या पलीकडं. मानेचा एक्स-रे काढून झाला, पट्टा लावून झाला, हात बधिर पडायचा तो पडतच होता. गाडीवर बसवून बघितलं तर दोन्ही कोपरं ताठ आणि लिव्हर एवढं वर की बोटं आभाळाकडं. लिव्हर खाली घेतलं, हँडल बोटभर मागं घेतलं. मान पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, तो माझा विषय नाही, पण हात बधिर पडायचा थांबला आणि आता गुरुजी शाळेतल्या बाकीच्या मास्तरांना घेऊन येतात.

बधिरपणाबद्दल डॉक्टर लोकांनी सांगितलेलं एवढं मला माहितीय की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत आसंल तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबत आसंल, आणि अंगठा, पहिलं आणि मधलं बोट होत आसंल तर मनगटाच्या मधल्या नसंवर ताण आसंल. पहिल्यात तळहातावरचा भार बघायचा, दुसऱ्यात मनगट मोडतंय का ते बघायचं. पण रात्री झोपेत पण हात बधिर होत आसंल, वस्तू हातातून सुटत आसंल, तर गॅरेजला येऊ नका, आधी दवाखान्यात जा. शुगरनं, मानेच्या मणक्यानं पण तसं होतं, ते पान्यानं दुरुस्त होत नाही.

दूधवाल्यांचं वेगळं सांगतो. दोन्हीकडं कॅन, मागं पेंडीचं पोतं, आणि स्वतः टाकीवर चढून बसलेले, त्यामुळं हँडल पोटाला लागतं. त्यांचं हँडल रिकाम्या गाडीवर लावून उपयोग नाही, ते जसं रोज बसतात तसं माल लावून बसवायचं आणि मग बघायचं. मागचे शॉकअप पण एक-दोन खाचा वर घ्यायचे, नाहीतर गाडी मागं बसती, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात वळवळायला लागतं, मग माणूस ते घट्ट धरून ठेवतो आणि त्याच्यानंच हात भरतात. टाकीवर पोतं ठेवून चालवणारांना माझी हात जोडून विनंती आहे, ते पोतं हँडल पूर्ण वळू देत नाही, वळणावर जीव जाईल.

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त लागती. गाडी पडली, हँडल वाकलं, की लोक पाइप घालून सरळ करून मागतात, नाहीतर तडा गेला तर वेल्डिंग. साध्या गाडीचं नवीन हँडल काही शे रुपयात मिळतं हो. एकदा वाकून परत सरळ केलेला पाइप त्या जागेला कमजोर झालेला असतो आणि तो कधी तुटंल ते सांगून तुटत नाही. मी ते काम घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालंल. कधी कधी हँडल वाकलेलंच नसतं, चाक सरळ आणि हँडल एका बाजूला दिसतं, तिथं पडल्यामुळं पुढचे शॉकअप टी मध्ये, म्हणजे ते दोन्ही धरून ठेवणाऱ्या तुकड्यात, पिळलेले असतात, बोल्ट ढिले करून सरळ होतात. पण लोक तसंच महिनोन्महिने तिरकं धरून चालवतात, एक खांदा पुढं, एक मागं, आणि मग म्हणतात पाठ एकाच बाजूला दुखायली.

तसंच लेथवर गट्टू, म्हणजे हँडलखाली घालायचा ठोकळा, करून हँडल उंच करायचं जे फॅड आलंय त्याबद्दल. हँडल उंच करायचे तयार रायझर मिळतात, दोन-तीन सेंटिमीटर उंच करणारे चांगले आहेत, पण वायरी आणि डिस्कचा पाइप तेवढं पुरत आसंल तरच. लोकल गट्टूला लांब बोल्ट कुठलातरी हाताला लागंल तो टाकतात, तो बोल्ट कसला आहे कुणाला माहीत नसतं. आहे त्या क्लॅम्पमध्ये हँडल फिरवणं म्हणजे गाडीत बदल करणं नव्हे, पण वेगळंच मोठं हँडल टाकणं हा बदल धरला जाऊ शकतो, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई आहे. पोरांनी ते वाचून घ्यावं.

संपादक साहेब, गाड्या काही परदेशातून येत नाहीत. आपल्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्स पण वाळूजचीच. गाडी बनवायचं एवढं ज्ञान आपल्याच भागात आहे, आणि त्याच भागातला माणूस बधिर हातानं गाडी चालवतो, हे मला पटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या आधी जी तपासणी करतात त्या कागदावर एक ओळ वाढवावी, गिऱ्हाइकाला बसवून हँडल-लिव्हर लावलं म्हणून, आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. दसऱ्याला गर्दी असती, जमत नाही म्हणतील, तर पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला करा, तवर माणसाला कुठं दुखतंय ते पण कळलेलं असतं. एका शोरूममध्ये एका गिऱ्हाइकानं हे मागितलं तर असं काही नसतं म्हणून त्याला परत पाठवलं, हे माझ्यासमोरचं आहे, असं करू नका. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना इंजिन खोलायला शिकवता तसं माणूस गाडीवर बसवून बघायला पण शिकवा. माझ्या गॅरेजवाल्या भावांनो, ह्या कामाचे वेगळे पैसे लावू नका, सर्व्हिसिंगमध्येच धरा, आणि टॉर्क पाना नसंल तर ह्या सीझनच्या कमाईतून आधी तो घ्या.

आणि तुम्हाला विनंती, दसऱ्याला तुमची गाड्यांची पुरवणी निघती, त्यात ॲव्हरेज, किंमत, हप्ता सगळं येतं, त्यात एक कोपरा ह्याच्यासाठी ठेवा, बसलेल्या माणसाचं साधं चित्र आणि कोपर-मनगट-बोटं कशी पाहिजेत तेवढं. चित्र काढायला कुणी पाहिजे असंल तर गाडी आणि माणूस दोन्ही माझ्या गॅरेजवर उभे करून देतो, कधीही या.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला, ता. अंबाजोगाई, जि. बीड